फिटची गोळी आणि नसांवरच्या गाठी

नमस्कार मंडळी, सांगलीतून बोलतोय. आमच्या गल्लीत एक पोरगं आहे, सहा वर्षांचं, अंगावर चहाच्या रंगाचे सपाट डाग, आणि त्याच्या आईला सगळे म्हणायचे की ग्रहणात तू भाजी चिरली असशील. त्या माउलीनं सहा वर्षं हे ऐकून घेतलं हो! ग्रहणाचा काही संबंध नाहीये. त्याला न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाईप १ आहे, थोडक्यात एनएफ१, सतराव्या क्रोमोसोमवरचा एक जीन बिघडतो, साधारण तीन हजारात एका बाळाला होतो, आणि निम्म्या केसेसमध्ये आईबापाला काहीच नसतं, बिघाड बाळातच नव्यानं होतो.

या आजारात नसांवर गाठी येतात, काही मुलांना डोळ्याच्या नसेवर. आता मला जे सांगायचंय ते हे. नसा काम करताना विजेचे सिग्नल सोडतात, एनएफ१ मध्ये काही नसा गरजेपेक्षा जास्त सोडतात. आपल्याकडं उसाला पाणी लावलं आणि मोटर रात्रभर चालूच राहिली की बांधावर गवत माजतं ना, तसं या सिग्नलबरोबर जे प्रोटीन बाहेर पडतं त्यावर गाठ पोसते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हाच जीन बिघडलेले उंदीर ठरावीक वयात अंधारात ठेवले, डोळ्यावर उजेड नाही म्हणून नस शांत, आणि डोळ्याच्या नसेवर गाठ धरलीच नाही. (पोरांना अंधारात ठेवू नका कृपा करून, हा फक्त प्रयोग होता.)

मग २०२२ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या टीमनं उंदरांना लॅमोट्रिजिन दिलं, हीच ती आपल्या मेडिकलमध्ये मिळणारी फिटची गोळी, तिनं नसांचा जादाचा गोंगाट कमी झाला आणि गाठींची वाढही मंदावली. मला हे वाचून खरंच भरून आलं, कारण गोळी जुनी आहे, मुलांना कशी द्यायची, काय त्रास होतो हे डॉक्टरांना माहितीये.

पण हे उंदरांमधलं आहे. चिठ्ठीशिवाय कुणी ही गोळी सुरू करू नका, डोस एकदम वाढवला तर अंगावर जिवावर बेतणारं पुरळ येऊ शकतं, म्हणून डॉक्टर ती आठवड्या-आठवड्यानं वाढवतात.

घरात लहान मूल असेल आणि पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग असतील तर मोजा, फोटो काढा, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि डोळे दरवर्षी तपासून घ्या. आमच्या पोराची पुढची तपासणी मिरजेत आहे दिवाळीनंतर, मी त्याच्या आईसोबत जाणारे.