पाय एक, अर्थ तीन

मित्रहो, या सभागृहातील बहुतेक जण स्पॅनिश शिकणारे किंवा शिकवणारे आहेत. म्हणून स्पॅनिश भाषकांना इंग्रजी शिकवताना अवयवांचे वाक्प्रचार नेमके कुठे अडतात, हा माझा आवडता विषय आज मोकळेपणाने मांडतो. हे वाक्प्रचार कोणत्या क्रमाने शिकवावेत, याविषयी मला एक सूचनाही करायची आहे.

मी माद्रिदमध्ये प्रौढांच्या सायंवर्गाला इंग्रजी शिकवत असे. एकदा वर्ग सुटल्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ मागे थांबले. त्यांच्या कचेरीतील इंग्रज सहकारी हसत हसत त्यांना ‘आय ॲम पुलिंग युअर लेग’ असे म्हणाला होता, आणि त्यात हसण्यासारखे काय होते, हे काही केल्या त्यांच्या ध्यानात येत नव्हते. स्पॅनिशमध्ये ‘एस्तिरार ला पाता’, म्हणजे पाय ताणणे, याचा अर्थ मरणे असा होतो, आणि तोही आपल्या ‘गचकणे’सारखा, आदर न राखणारा. ‘हा माणूस माझ्या मरणाची भाषा करतो आहे का?’ असे त्यांनी मला गंभीरपणे विचारले. मला त्यांचे मुळीच हसू आले नाही, कारण शाळेत असताना मीही हे वाक्य चुकीचेच समजलो होतो. आपल्याकडे पाय ओढतात ते वर चढणाऱ्याला खाली खेचण्यासाठी. एकाच पायात इंग्रजाला थट्टा दिसते, स्पॅनिश माणसाला मृत्यू आणि मराठी माणसाला मत्सर! थट्टा करायची असेल तर स्पॅनिश माणूस पायाच्या वाटेला जातच नाही. तो ‘तोमार एल पेलो’ म्हणतो, म्हणजे समोरच्याचे केस घेतो. आपल्याला मात्र केस म्हटले की केसाने गळा कापणे आठवते.

येथे आणखी एक बारकावा आहे. माणसाच्या पायाला स्पॅनिशमध्ये ‘पिएर्ना’ म्हणतात, तर ‘पाता’ हा जनावराचा किंवा टेबलाचा पाय असतो. इंग्रजीत या सगळ्यांना ‘लेग’ हा एकच शब्द पुरतो. भलतेच बोलून बसणाऱ्याविषयी ‘मेतिओ ला पाता’ असे म्हणतात, तेव्हा त्याने जनावराचा पाय आत घातलेला असतो. इंग्रज माणूस अशा वेळी स्वतःचेच पाऊल स्वतःच्या तोंडात घालतो.

आता माझी तक्रार ऐका. आम्हांला नेमलेल्या पुस्तकात मानवी देहाचे पानभर चित्र होते आणि प्रत्येक अवयवाशेजारी त्याचे वाक्प्रचार ओळीने दिलेले होते. डोळ्यापाशी ‘कीप ॲन आय ऑन’, म्हणजे लक्ष ठेवणे. त्याखाली ‘टर्न अ ब्लाइंड आय’, म्हणजे कानाडोळा करणे. त्याखाली ‘सी आय टू आय’, म्हणजे एकमत होणे. विद्यार्थ्यांनी एका संध्याकाळी हे सारे पाठ केले आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा इतका गोंधळ झाला की, लक्ष ठेवायला सांगितलेल्या मुलाकडे त्यांच्या वाक्यांत सर्रास दुर्लक्ष होऊ लागले. वास्तविक ‘ब्लाइंड आय’साठी त्यांच्याकडे ‘आसेर ला विस्ता गोर्दा’, दृष्टी जाड करणे, हा सुंदर प्रयोग आहे; तो शेजारी ठेवला असता, तर गोंधळ टळला असता. अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकवले की ते एकमेकांच्या आड येतात, हे संशोधक थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये दाखवले होते. त्यांचे प्रयोग सुट्या शब्दांवर होते. पण वाक्प्रचारांत मी तेच घडताना पाहिले आहे आणि असली चित्रे आजही छापली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा ज्या सूचनेसाठी उभा राहिलो ती थोडक्यात सांगतो. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’, म्हणजे जबाबदारी झटकणे, हा येशूच्या खटल्यात हात धुणाऱ्या पिलाताचा प्रसंग किंवा अकिलीसची टाच, म्हणजे बलवानाची दुबळी जागा, दोन्ही भाषांत सारखीच आहे. अशी उदाहरणे एका दिवसात उरकावीत. ‘कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग’ आणि ‘कोस्तार उन ओखो दे ला कारा’ (चेहऱ्याचा एक डोळा मोजावा लागणे) यांत अवयव वेगळे असले, तरी महागाईसाठी देह मोडून देण्याची कल्पना एकच आहे. अशा जोड्या दुसऱ्या टप्प्यात घ्याव्यात. सर्वाधिक वेळ द्यावा तो अवयव तोच आणि अर्थ निराळा असलेल्यांना. ‘हॉट-हेडेड’ म्हणजे तापट, आपणही रागाने डोके तापले म्हणतो. पण स्पॅनिश माणूस ‘से कालिएंता ला काबेसा’, म्हणजे डोके तापवतो, असे म्हणतो तेव्हा तो विचार करून करून थकलेला असतो.

शेवटचा मुद्दा व्याकरणाचा आहे. इंग्रजीत ‘माय लेग’, ‘युअर हेड’ असा अवयवाचा मालक सांगावाच लागतो. स्पॅनिशमध्ये ‘मे लावे लास मानोस’ म्हणताना हात कोणाचे हे हातापाशी सांगत नाहीत, आपणही ‘मी हात धुतले’ एवढेच म्हणतो. म्हणून ‘ही इज पुलिंग मी द लेग’ असे चुकणाऱ्या स्पॅनिश विद्यार्थ्याची अडचण इंग्रज शिक्षकापेक्षा मराठी शिक्षकाला लवकर उमगते. त्या गृहस्थांच्या वहीत मी त्या संध्याकाळी एवढेच लिहून दिले होते: लेग खाली पेलो, आणि ‘माय’खाली दुहेरी रेघ.