रोजकीर्द आहे, खतावणी नाही

नमस्कार मंडळी. संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं होतं, ‘ब्लॉगची डागडुजी’. पत्रिकेत छापून आलंय ‘वैयक्तिक ब्लॉगची पुनर्रचना : एक चिंतन’. चिंतन वगैरे काही नाही, आहे ती डागडुजीच. कौलं चाळून घेतात तशी.

सुरुवात एका फजितीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका सूनबाईंनी मला थांबवलं. ‘काका, तुम्ही साताऱ्याच्या पेठांवर लिहिलं होतं ना? पोराला शाळेच्या प्रकल्पाला पाहिजे.’ मी ऐटीत मोबाईल काढला. म्हटलं, आत्ता देतो. दहा मिनिटं रस्त्यात उभा राहिलो. लेख माझा, ब्लॉग माझा, आणि सापडेना. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘राहू द्या काका, मी बघते गूगलवर.’ त्यांना तिथं माझाच लेख मिळाला, हे संध्याकाळी कळलं. पोटात तुटलं.

माझी सगळी नोकरी पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात गेली. रोज जे घडतं ते तारखेप्रमाणे रोजकीर्दीत लिहायचं आणि मग तीच रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायची, हे काम मी झोपेतही केलं असतं. सभासद खिडकीशी येऊन ‘माझी बाकी किती?’ म्हणाला, तर त्याला कुणी रोजकीर्द चाळायला बसवत नाही. आणि मी? २००९ पासून ४१२ लेख लिहिले आणि नुसती रोजकीर्द ठेवली! ब्लॉग जन्मतःच तसा असतो, ताजं वर आणि जुनं खाली. इंग्रजीत ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ साली आला, त्यातला ‘लॉग’ म्हणजे जहाजावरची नोंदवहीच. लिहिणाऱ्याला ते सोयीचं असतं, कारण त्याला आठवतं की कासच्या पठारावर आपण गुडघा दुखायला लागला त्या वर्षी लिहिलं. वाचकाला माझ्या गुडघ्याशी काय देणंघेणं?

आपल्या गावाचंही थोडं तसंच आहे. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, शनिवार पेठ. वार पाठ असले म्हणून पेठ सापडते असं नाही. म्हणून सातारकर पत्ता सांगताना वार सांगतच नाही. राजवाडा, मोती चौक, पोवई नाका, पाचशे एक पाटी असं सांगतो. पाटीवरचं नाव वेगळं आणि माणूस चालतो ती खूण वेगळी. माझ्या ब्लॉगवर वार होते, खुणा नव्हत्या.

भाची पुण्यात संगणकाचंच काम करते. ती म्हणाली, मामा, आधी काही बदलू नकोस. तीन माणसं बसव, त्यांच्या हातात त्यांचाच मोबाईल दे, एक काम सांग आणि तोंड बंद ठेव. तोंड बंद ठेवणं हा यातला सगळ्यात अवघड भाग, करून बघा. बसवले कोण, तर आमची ही, शेजारचे निवृत्त एसटी वाहक आणि वाहकसाहेबांचा नातू. काम एकच, ‘कासला कधी जावं, ते शोधा.’ वाहकसाहेब खाली सरकत राहिले, सरकत राहिले, आणि चौथ्या मिनिटाला माझ्या आजोळच्या लेखात रमले. नातवानं शोधपेटी मागितली. हिनं विचारलं, ‘ती उजवीकडची विषयांची यादी कुठं गेली?’ ती यादी मी संगणकावर बसून दोन दिवस खपून केली होती. मोबाईलवर ती उजवीकडं नसतेच, पार तळाला जाते. तळापर्यंत कोण जातंय? एवढी वर्षं मी दुकानाची पाटी मागच्या भिंतीवर लावून बसलो होतो.

मग विषय मोजले. ४१२ लेखांना १३७ विषय-लेबलं! त्यात ‘गड’ आहे, ‘किल्ला’ आहे, ‘किल्ले’ आहे आणि एकदा उत्साहाच्या भरात ‘दुर्ग’ही आहे. अजिंक्यतारा एकात, सज्जनगड दुसऱ्यात. आणि ‘इतर’मध्ये ६१ लेख. आमच्या धंद्यात याला सस्पेन्स खातं म्हणतात, कुठल्या खात्यावर न्यायची ते न ठरलेली रक्कम तात्पुरती तिथं ठेवतात, आणि ते फुगलं की लेखापरीक्षक भुवई उचलतो.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांच्या कोऱ्या पाठीवर एकेका लेखाचं नाव लिहिलं, सगळ्या पत्रिका जमिनीवर पसरल्या आणि हिला म्हटलं, तुला वाटतील तसे गठ्ठे कर. माझे गठ्ठे ठरलेले होते : इतिहास, निसर्ग, व्यक्ती, भाषा. हिनं केलेला पहिला गठ्ठा, ‘पावसाळ्यात जायचं’. दुसरा, ‘पोरांना घेऊन एका दिवसात परत येता येतं’. तिसरा, ‘सासूबाईंना वाचून दाखवण्यासारखं’. मी हसलो. पण रात्री विचार केला, पतसंस्थेत खात्याला नाव सभासदाचं असतं, कारकुनाचं नसतं. इतिहास आणि निसर्ग ही माझी खाती होती, येणाऱ्यांची नव्हती. आता वर सहाच दारं आहेत, त्यातली चार हिची. तिसऱ्या गठ्ठ्याचं नाव मात्र बदलावं लागलं, सासूबाईंनीच हरकत घेतली.

कासवर वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले अकरा तुकडे होते. त्यांच्यावर एक कायमचं पान बांधलं, ‘कासला जायचंय?’. फुलांचा बहर साधारण सप्टेंबरात, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून गर्दी कशी वाढली, आणि रस्ता. बोगद्यातून पलीकडं गेलात की सज्जनगड, ठोसेघर. कासला बोगद्याच्या अलीकडूनच यवतेश्वरचा घाट चढायचा. परगावचा माणूस इथंच चुकतो. तसंच प्रत्येक लेखाच्या तळाशी आता ‘इथून पुढं कुठं’ अशा दोन वाटा दिल्यात. कारण बहुतेक माणसं मुख्य दारातून येतच नाहीत. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्यावरून थेट माजघरात उतरतात.

आता जरा मराठीचं दुखणं. माझ्या ब्लॉगवरची शोधपेटी अक्षराला अक्षर जुळवते, व्याकरण तिच्या गावी नाही. इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात कुठंही घाला, तसंच राहतं. आपण ‘सातारा’ म्हणतो आणि लगेच ‘साताऱ्याला’ जातो. ‘सातारा’ शोधलं की ‘साताऱ्यात’ लिहिलेला लेख हाती लागत नाही. ‘फूल’ शोधलं तर ‘फुलं’ नाहीत, ‘पूल’ शोधला तर ‘पुलावर’ नाही, कारण अनेकवचन किंवा सामान्यरूप होताना इथं दीर्घाचा ऱ्हस्व होतो. त्यात ‘साताऱ्या’मधला तो अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्याला एकच दिसतो, यंत्राला वेगवेगळा. अख्ख्या जिल्ह्याचं नाव विभक्ती लागली की गायब! उपाय मी गावठी केला. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर एक ओळ, त्यात मुख्य शब्द मूळ रूपात : सातारा, कास, पठार, फूल. सुंदर दिसत नाही, पण सापडतं.

लेखांच्या पत्त्यांचीही तीच गत. ब्लॉगर ही सेवा देवनागरी शीर्षकावरून पत्ता बनवत नाही. ‘ब्लॉग-पोस्ट’ लिहिते आणि पुढं आकडा चिकटवते. माझे लेख म्हणजे तुरुंगातले कैदी, नावं नाहीत, नंबर आहेत. म्हणून मी दुसरीकडं बिऱ्हाड हलवलं आणि हौसेनं देवनागरी पत्ते दिले. तर दुवा पाठवताना ‘कास’ या एवढ्याशा शब्दाची टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेली सत्तावीस चिन्हांची माळ होते. क, काना आणि स, प्रत्येकाला तीन बाइट, प्रत्येक बाइटला तीन चिन्हं. हिशेब बरोबर आहे, पण आमच्या मेव्हण्यांना वाटलं मोबाईलमध्ये व्हायरस आला. आता पत्ते छोटे आणि रोमन लिपीत आहेत, शीर्षकं मराठीत.

या धांदलीत जुने पत्ते मेले, ही माझी सगळ्यात मोठी चूक. लोकांनी जपून ठेवलेले दुवे उघडले की ४०४, पान सापडत नाही. घर बदललं की आपण पोस्टात अर्ज देतो ना, पत्रं नव्या पत्त्यावर पाठवा म्हणून? तसा अर्ज इथंही देता येतो, त्याचा क्रमांक ३०१, कायमचं स्थलांतर. मला तो दोन महिन्यांनी कळला. ४१२ ओळी हातानं भरल्या. हिशेबनीस असल्याचा तेवढाच फायदा.

ग्रंथपालांना हे सगळं हसण्यासारखं वाटेल. रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं छापली, त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा हेच आहे. आणि लांब कशाला, आपल्या वाईत मराठी विश्वकोश तयार झाला. १९७६ ला पहिला खंड आला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. ‘अंक’पासून ‘ज्ञेयवाद’पर्यंत सगळं अकारविल्हे. म्हटलं, आपणही अकारविल्हे सूची करू. संगणकाला सांगितलं, लाव ओळीनं. त्यानं कास, कृष्णा, कोरेगाव लावलं आणि त्याच्यामागं लगेच क्षेत्र माहुली, मग खटाव. त्याच्या लेखी क्ष म्हणजे क ला ष जोडलेला. आपल्या मुळाक्षरांत क्ष आणि ज्ञ शेवटी बसतात, कोशातही. मी हट्टानं क्षेत्र माहुली उचलून पार शेवटी नेली. वाहकसाहेबांचा नातू म्हणाला, आजोबा, ती सूचीत नाहीच. तो क मध्ये शोधत होता. मग क मध्येही ठेवली, दोन्हीकडं. परवा हिनं सूची उघडली, बराच वेळ बोट फिरवलं आणि विचारलं, ‘अहो, म मध्ये माहुली कुठंय?’

काल रात्री तिथंही टाकली.