माठाचं बिल कोण भरतं?

[नागपूर. मे महिन्यातली दुपार. पडवीत तिवईवर ठेवलेला माठ.]

बाहेर ४५ अंश. माठातलं पाणी मात्र २७-२८ अंशांचं. ना कॉम्प्रेसर, ना वायर.

उष्णता आपण होऊन गारव्याकडून गरमीकडे जात नाही, हे रुडॉल्फ क्लाउझियसनं १८५० साली मांडलं. हाच उष्मागतिकीचा दुसरा नियम. फ्रिज तिला उलटं जायला लावतो, त्याची किंमत विजेच्या बिलात दिसते. मग माठ कुणाच्या जिवावर गार होतो?

भाजलेल्या मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं आणि उडून जातं. उडणारा रेणू सुटण्यासाठी लागणारी ऊर्जा मागे राहिलेल्या पाण्यातून घेऊन जातो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. एवढ्यात ५७ लिटर पाणी १० अंशांनी गार व्हावं! होत नाही, कारण तापलेली हवा माठाला सतत उष्णता देतच असते.

गार होणाऱ्या पाण्याची एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जा आणि रेणू किती विखुरलेत याचं माप, घटते. पण वाफ होऊन कोरड्या हवेत पसरलेल्या रेणूंची त्याहून जास्त वाढते. एकूण एन्ट्रॉपी घटता कामा नये, एवढंच दुसऱ्या नियमाचं म्हणणं. म्हणजे नियम शाबूत. इथे इंधन आहे हवेचा कोरडेपणा, आणि तो संपतो.

[खिडकीत कूलर. ताट्यांवरून पाणी ओघळतंय.]

खोली बंद करून कूलर लावणारे पाहुणे विदर्भात लगेच ओळखू येतात. थोड्या वेळात हवा दमट होते, गारवा जातो, उरते चिकचिक. दमट हवा बाहेर जायला वाट हवीच. पहिल्या पावसानंतर तर खिडकी उघडूनही फारसा उपयोग नसतो.

किती गार होणार, याची सीमा थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून कळते. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर तो साधारण २३ दाखवतो. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के असेल, तर २९. नागपूरला २२ अंशांची सवलत, मुंबईला जेमतेम पाचाची. तेव्हा ‘आमच्याकडे चाळीसच्या वर जातच नाही’ ही मुंबईकरांची बढाई जरा जपूनच ऐकावी.

घामाचं गणितही हेच. तो नुसता गळून उपयोग नाही, वाळायला हवा. ओल्या फडक्याचं तापमान ३५ अंशांवर गेलं, की धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली बसून फार तास तग धरू शकत नाही.