सरासरी बत्तीसची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. आज फुटबॉलवर बोलायचंय, पण गोव्यात खेळतात त्या नव्हे. अंडाकृती चेंडू काखेत मारून पळतात, त्या अमेरिकन फुटबॉलवर.

लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजमधला एलएसयू हा विद्यापीठाचा संघ. त्यांच्या ऑफेन्सची, म्हणजे चेंडू हाती असताना खेळणाऱ्या अकरा जणांची, सामन्यागणिक सरासरी बघा. २०१८ साली ३२.४ गुण, २०१९ साली ४८.४ आणि २०२० साली ३२.

मधल्या वर्षाबद्दल वादच नाही. पंधराच्या पंधरा सामने जिंकले. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून ऑफेन्स चालवणारा खेळाडू, होता जो बरो. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू थेट गोलरेषेपार पोचवणारे, पास त्यानं आदल्या वर्षी १६ दिले होते, त्या वर्षी ६०. खेळाडू तोच, पद्धत बदललेली: जो ब्रेडी नावाचा तरुण प्रशिक्षक पासिंगची नवी पद्धत घेऊन आला होता.

मला छळतात ते दोन बत्तीस. २०१८ साली दहा जिंकले, तीन हरले. २०२० साली पाच-पाच. मग ऑफेन्स सारखाच होता का?

२०१८चा आकडा जरा फुगलेला आहे. २४ नोव्हेंबरला टेक्सास ए अँड एम विद्यापीठाशी ठरलेल्या वेळेत ३१-३१ बरोबरी झाली आणि पुढे निकालासाठी चक्क सात ओव्हरटाइम! हरले ७४-७२. तेव्हा प्रत्येक ओव्हरटाइममध्ये चेंडू थेट समोरच्यांच्या गोलरेषेपासून २५ यार्डांवर हातात देत. सुपर ओव्हरच्या धावा फलंदाजाच्या सरासरीत धरण्यातलाच प्रकार. ते ४१ गुण वगळा, सरासरी एकोणतिसाच्या आसपास येते.

२०२०मध्ये बरो संघ सोडून गेलेला, फेकलेला चेंडू झेलणारा पट्टीचा रिसीव्हर जामार चेस कोविडच्या वर्षी खेळलाच नाही, तरी बत्तीस. भोक डिफेन्सला, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या अकरा जणांच्या फळीला, होतं. अर्थात, समोरचे झटपट गुण करून गेले की चेंडू पुन्हा लवकर आपल्याकडे येतो, संधी वाढतात. म्हणून मी गुणांआधी प्रत्येक डावामागे, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या एकेका प्रयत्नामागे, किती यार्ड मिळाले ते बघतो.

२०१९चं नाव निघालं की लोक ओक्लाहोमा विद्यापीठाविरुद्धचे ६३ गुण सांगतात. मी फ्लोरिडाचा सामना सांगेन. एलएसयूला अवघे ४८ डाव खेळायला मिळाले. त्यात ५११ यार्ड, म्हणजे डावामागे साडेदहाहून जास्त. बरोनं २४ वेळा चेंडू फेकला, २१ वेळा आपल्याच माणसाच्या हातात. गुण झाले ४२. त्या हंगामाच्या सरासरीहूनही कमी!