कॉम्प्युटर चालू होत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते चालू न होणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल. रात्री व्यवस्थित बंद केलेला असतो, सकाळी बटण दाबावं तर हूं की चूं नाही. अशा वेळी पोटात गोळा येतो तो यंत्रासाठी नाही, आत ठेवलेल्या कामासाठी. फोटो, हिशेब, अर्धवट लिहून झालेला प्रबंध. म्हणून आधी तेच सांगतो. कॉम्प्युटर चालू होत नाही याचा अर्थ आतलं सगळं गेलं, असा होत नाही. तुमच्या फायली असतात हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर, आणि बटणाला दाद न मिळण्याचं कारण बहुतेक वेळा भलतीकडेच असतं, वीज पोचण्याच्या वाटेवर. फायली सुखरूप असण्याची शक्यता दांडगी आहे, एवढं मनाशी धरा आणि मगच यंत्राकडे वळा. घाबरलेला माणूस बटण दहा वेळा दाबतो, सगळ्या वायरी एकदम उपसतो, आणि मग दोष कुठे होता ते कुणालाच कळत नाही.

कुठला भाग बिघडला, हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आधी विचारायचं ते हे, की वीज कुठवर पोचली आणि कुठे अडली? त्यासाठी बटण दाबल्यावर आत काय घडतं ते जरा सविस्तर पाहू.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या कुशीला एक मोठा लाल खटका होता. तो वर केला की वीज थेट आत, खाली केला की बंद. आजच्या डेस्कटॉपचं बटण तसं नाही. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि बटणाचं काम पार बदललं. तुम्ही समोरचं बटण दाबता तेव्हा मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डावरच्या, दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, बस्स. त्या बटणातून कॉम्प्युटरची वीज वाहत नाही, नुसती हाक जाते. ही हाक ऐकायला मदरबोर्ड जागा असावा लागतो. त्यासाठी एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा, मागच्या बाजूला पंखा असलेला तो पत्र्याचा डबा, कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डला देत राहतो. हाक आली की मदरबोर्ड एसएमपीएसला चालू हो म्हणतो, ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या तारा जाग्या होतात, पंखे फिरतात. सगळे व्होल्टेज स्थिरावले की एसएमपीएस ‘वीज ठीक आहे’ असा एक वेगळा इशारा पाठवतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, काम सुरू करत नाही. मग प्रोसेसर उठतो, रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, तपासतो, ग्राफिक्स, म्हणजे पडद्याकडे चित्र पाठवणारा भाग, शोधतो, आणि तेव्हा कुठे पडद्यावर पहिली अक्षरं येतात. विंडोज किंवा लिनक्स त्याच्याही नंतर.

म्हणजे बघा, पंखा फिरतोय पण पडदा काळा आहे, तर वीज आत आलेली आहे आणि गाडी बहुधा रॅम किंवा ग्राफिक्सपाशी अडली आहे. पंखाही हलत नाही, दिवाही नाही, तर शोध अलीकडे, भिंतीच्या बाजूला. चालू होऊन लगेच बंद पडतो, तर कुठेतरी शॉर्ट असावा किंवा एसएमपीएस भार पेलत नसावा. पाच-दहा मिनिटांनी बंद पडतो, तर उष्णतेचा संशय घ्या. आणि कंपनीचं चिन्ह दिसून पुढे अडत असेल, तर कॉम्प्युटर चालू झालेलाच आहे, ते दुखणं वेगळं.

आता भिंतीपासून निघू. तुम्ही म्हणाल, प्लग तर लावलेलाच आहे. तरीही बघा, आणि डोळ्यांनी नव्हे, हातांनी बघा. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहा. एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तो वगळून थेट भिंतीत लावा. यूपीएस असेल तर तोही मधून काढा. बॅटरी संपत आलेला यूपीएस दिवा दाखवतो, पण कॉम्प्युटर उठताना जी वीज एकदम ओढतो ती त्याला देता येत नाही. मग ती जाड काळी केबल. ती एसएमपीएसच्या तोंडात नीट, खोलवर बसलेली असावी लागते. झाडताना, टेबल सरकवताना ती हळूहळू बाहेर येते आणि लांबून लावल्यासारखीच दिसते. मॉनिटरला सहसा तशीच केबल असते, दोन्हींची अदलाबदल करून पाहता येते. एसएमपीएसच्या पाठीवर अनेकदा एक छोटा स्विच असतो, त्यावर एक रेघ आणि एक शून्य. रेघेची बाजू दाबलेली हवी. जुन्या एसएमपीएसवर आणखी एक लाल सरकता स्विच दिसेल, ११५ आणि २३० लिहिलेला. त्याला हात लावू नका. २३० व्होल्टच्या घरात तो चुकून ११५ वर गेला तर एसएमपीएस जागच्या जागी जळतो.

हे झालं की एक साधा उपाय, आणि तो खूप वेळा लागू पडतो. प्लग काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. एसएमपीएसला शॉर्ट झाल्याचा संशय आला की तो स्वतःला बंद करून घेतो आणि भिंतीकडची वीज पूर्ण तुटेपर्यंत तसाच अडून बसतो. बटण दाबून धरल्याने आत साठलेली उरलीसुरली वीजही निघून जाते. परत प्लग लावण्याआधी प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं काढून ठेवा. यूएसबीच्या एका वाकलेल्या पिनेमुळे अख्खा कॉम्प्युटर उठत नाही, असं घडतं.

मॉनिटरबद्दल थोडक्यात. त्याचा दिवा लागतोय का, आणि केबल योग्य जागी आहे का, एवढं बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची, मदरबोर्डच्या जागेला नाही. कॉम्प्युटर हलवल्यानंतर ‘डिस्प्ले येत नाही’ अशी तक्रार आली, तर मी पहिल्यांदा हेच विचारतो.

इथवर काही झालं नाही, तर कॅबिनेट उघडायचं. बंद कॉम्प्युटरमध्येही ती ५ व्होल्टची धार चालू असते, म्हणून प्लग काढलेलाच हवा, आणि मदरबोर्डवरचा बारीक दिवा विझेपर्यंत थांबायचं. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा, अंगावरची स्थिर वीज उतरू द्या, आणि काम करताना अधूनमधून लावत राहा. गालिच्यावर बसून हे काम करू नका.

आधी नुसतं पाहा आणि वास घ्या. जळकट वास आला तर तिथेच थांबा, परत वीज देऊन पाहू नका. मदरबोर्डवर छोट्या उभ्या नळकांड्यांसारखे कॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारे भाग, असतात. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला असेल, त्यावर तपकिरी डाग असेल, तर दोष सापडला म्हणायचं. २००० सालाच्या आसपासच्या काही वर्षांत सदोष कॅपॅसिटरमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड निकामी झाले, आणि त्या काळातलं यंत्र अजून कुणाकडे असेल तर त्यांनी हे जरूर पाहावं. नंतर दोन जोडण्या. एक रुंद, २४ पिनांची. दुसरी प्रोसेसरच्या जवळ, चार किंवा आठ पिनांची. ही दुसरी सैल असली तर पंखे झोकात फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

आणि आता रॅम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, या तक्रारीत पहिला संशय मी रॅमवर घेतो. मदरबोर्डवर लांबट खाचा आहेत, त्यात उभ्या पट्ट्या आहेत, टोकांना प्लास्टिकच्या खिट्ट्या. खिटी बाहेर दाबली की पट्टी टुपकन वर येते. तिला कडांनी धरा. खालच्या काठावर सोनेरी पट्ट्यांची रांग दिसेल. त्यावर काळसर झाक असेल तर स्वच्छ, कोरडं पांढरं खोडरबर एकाच दिशेने हलकेच फिरवा आणि चुरा पूर्ण झटका. घासघास घासायचं नाही, सोन्याचा थर फार पातळ असतो. मग पट्टीतला काप आणि खाचेतला उंचवटा जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी दाब द्या. टक् असा आवाज येऊन खिटी आपोआप मिटली पाहिजे. आवाज आला नाही, तर पट्टी बसलेली नाही, कितीही बसल्यासारखी वाटली तरी. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून चालू करा, मग दुसरी, मग खाच बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर कशामुळे झाला ते कळत नाही, आणि तोच दोष पुढच्या महिन्यात परत दारात उभा राहतो.

नवीन यंत्रांबद्दल इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. डीडीआर ५ प्रकारची रॅम काढून घातली की पहिल्यांदा चालू होताना मदरबोर्ड तिची जुळवाजुळव करतो. त्याला कधी काही मिनिटंही लागतात, आणि तोवर पडदा काळा असतो. घाईने बंद करू नका.

या वेळी कान उघडे ठेवा. मदरबोर्डला छोटा स्पीकर असेल तर तो बीप देतो. लांब किती, आखूड किती, ते लिहून घ्या. त्यांचा अर्थ त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत मिळतो. बऱ्याच नव्या बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स सुरू होणं, यांचे. जो पेटून राहील तिथे गाडी अडली. हा इशारा आयता मिळत असताना लोक अंदाजाने सुटे भाग बदलत बसतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर मात्र फार लवकर आळ येतो. ३ व्होल्टचा तो सेल संपला की तारीख-वेळ चुकते, सेटिंग विसरली जातात; पण त्याच्यामुळे कॉम्प्युटर मुळीच चालू न होणं हे क्वचित घडतं. बदलून बघा जरूर, पण सगळी आशा त्यावर ठेवू नका.

राहिला एसएमपीएस. तो तपासायचा खात्रीचा मार्ग म्हणजे चांगला असल्याचं माहीत असलेला दुसरा जोडून पाहणं. तो डबा कृपा करून कुणीही उघडू नका. २३० व्होल्टच्या विजेतून त्याच्या आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो, आणि प्लग काढल्यावरही तो कॅपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. ज्यांना या कामाचं शिक्षण आहे त्यांनीच तिथे हात घालावा.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी, कारण आत बघायला फारशी जागा नसते. चार्जरचा दिवा, त्याची वायर वळते त्या जागी तुटली आहे का, आणि यूएसबी-सी चार्जर असेल तर त्यावर लिहिलेले वॉट पुरेसे आहेत का, हे पाहा. मोबाइलचा चार्जर त्याच तोंडात बसतो, पण लॅपटॉपला बहुधा पुरत नाही. मग चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं आणि फक्त चार्जरवर चालू करून पाहायचं. टचपॅड वर उचलला गेला असेल, बूड टेकत नसेल, तर बॅटरी फुगलेली आहे. तिला चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. सरळ दुरुस्तीला न्या. आणि पाणी सांडलं असेल तर ‘बघू तरी चालू होतो का’ हा मोह टाळा. ओल्या बोर्डात वीज गेली की जो लॅपटॉप वाचला असता तोही जातो.

दुरुस्तीला देताना नुसतं ‘चालू होत नाही’ म्हणू नका. पंखा फिरतो का, दिवा लागतो का, बीप किती, शेवटचं काय बदललं होतं, हे सगळं सांगा. मदरबोर्ड बदलावा लागेल असं कुणी म्हणालं, तर रॅम आणि एसएमपीएस बदलून पाहिले का, हे नम्रपणे पण नक्की विचारा. डिस्क फॉरमॅट करायची, म्हणजे पुसून कोरी करायची नाही, हे कागदावर लिहून द्या. डेस्कटॉपची डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. अनेक लॅपटॉपचीही येते, काहींत मात्र ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते.

पण इथे एक अडचण येते. विंडोजच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, म्हणजे तिच्यावरचा मजकूर किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असतो, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. डिस्क दुसरीकडे लावली किंवा मदरबोर्ड बदलला, की ४८ आकडी ‘रिकव्हरी की’, म्हणजे ते कुलूप उघडायची किल्ली, मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते, पण त्या खात्याचा पासवर्ड आठवायला हवा. ती नसेल तर धडधाकट डिस्कवरचे फोटोही कुणाला काढून देता येत नाहीत. तेव्हा ज्यांचा कॉम्प्युटर आज व्यवस्थित चालू आहे, त्यांनी ही की आजच शोधावी, कागदावर उतरवावी, आणि तो कागद कॉम्प्युटरच्या बॅगेत न ठेवता घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावा.

नमस्कार.