खंजिरीच्या मुलखात मेटालिका

(दृश्य: अमरावती जिल्हा, तिवसा तालुका. रात्र. हरभऱ्याचं वावर, मोटारीचा आवाज.)

शेतीची लाइन रात्री आली की ओलितालाही रात्रीच जावं लागतं. स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे आणि मधल्या वेळात धुऱ्यावर बसायचं. या धुऱ्यावर मोबाइलमधून मेटालिका हा अमेरिकेचा हेवी मेटल बँड वाजतो. अमरावतीच्या होस्टेलात शिकून परतलेल्या पोरांनी हे संगीत गावात आणलं. सोबत एक वादही आणला. मेटालिकानं दुसऱ्यांची गाणी गायली, ती मूळ गाण्यांपेक्षा सरस की फिकी?

वादाचं मूळ 1998 सालच्या 'गॅरेज इंक.'मध्ये आहे. मेटालिकाचा दोन डिस्कचा हा अल्बम, सगळी कव्हर गाणी, म्हणजे दुसऱ्यांची गाणी आपल्या ढंगात गायलेली. त्यात 'व्हिस्की इन द जार' आहे. गाणं मुळात आयर्लंडचं जुनं लोकगीत. वाटमारी करणारा एक जण कॅप्टनला लुटतो आणि त्याची प्रेयसीच त्याला दगा देते. 1972 साली थिन लिझी या आयरिश बँडनं ते रॉकमध्ये आणलं, मेटालिकानं तीच चाल उचलली आणि 2000 साली त्यावर ग्रॅमी मिळवला.

"थिन लिझीच्या गिटारीत हुरहुर हाये. यायनं नुसता दनका देल्ला."

"लुटारूचं गानं हाये भाऊ, पाळना नाही!"

मला पहिल्याचं पटतं. थिन लिझीचा गायक फिल लायनट, त्याच्या सैल, थकलेल्या गळ्यातून फसवला गेलेला माणूस ऐकू येतो. मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डच्या आवाजातला लुटारू अजून कोणाच्या हाती लागलेलाच नाही.

'अ‍ॅम आय ईव्हिल?'ची गोष्ट मात्र वेगळी. हे गाणं डायमंड हेड या इंग्लिश बँडचं, 1980 सालचं. मेटालिकाचा ड्रमर लार्स उलरिख या बँडवर इतका फिदा होता की 1981 मध्ये, ऐन विशीच्या आत, तो त्यांना ऐकायला अमेरिकेहून इंग्लंडला गेला आणि त्यांच्याकडेच मुक्काम ठोकून राहिला. 1984 मध्ये मेटालिकानं ते गाणं रेकॉर्ड केलं. यात मला उपकाराची जाण ऐकू येते. वाजवणाऱ्यांनी हे गाणं आधी मनापासून ऐकलंय, हे ठोक्याठोक्यातून कळतं. धुऱ्यावर मात्र इथंच आवाज चढतात. लोक ते मेटालिकाचंच समजतात, म्हणजे मूळवाल्यांचं नाव बुडालं, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणतो, मेटालिकानं गायलं नसतं तर डायमंड हेड आपल्या तिवस्यापर्यंत पोचलं असतं का?

(दृश्य: संध्याकाळ. भजनी मंडळाची ओसरी.)

इथून गुरुकुंज मोझरी जवळच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी या भागात घरोघरी ऐकू आली. महाराज 1968 साली गेले, भजनं राहिली. एकच भजन या गावचं मंडळ एका चालीत म्हणतं, शेजारच्या गावचं दुसऱ्या. कोणाची चाल चढली यावर रात्र रात्र बोलणारी माणसं याच पोरांच्या घरात आहेत. कव्हरची पारख ही पोरं इंटरनेटवर शिकली नाहीत, ती याच ओसरीवर त्यांच्या कानात मुरली आहे.

म्हणूनच पोरांनी वाद मंडळातल्या आबाजींपुढं नेला. थंडीनं चामडं सैल पडलेलं. आबाजी खंजिरी शेकोटीवर धरतात, फिरवतात, बोटानं टिचकी मारून पाहतात, पुन्हा धरतात. सूर चढल्यावर मग म्हणतात, "लाव."

आधी थिन लिझी. दुसऱ्या ओळीलाच त्यांची बोटं चालू लागतात. मग मेटालिका. बोटं दोनदा सुरू होतात, दोनदा थांबतात.

"पह्यल्याच्या मांगं मी वाजवू शकतो. दुसऱ्यात मले जागाच नाही."

"पन आबाजी, जागा न देनं हाच तर त्याचा जोर!"

"असंन. आनखी लाव एखांदं."

पोरं 'अ‍ॅम आय ईव्हिल?' लावतात. सुरुवातीचे ते जड, थांबत थांबत पडणारे ठोके. आबाजी खंजिरी कानाजवळ घेतात, एक ठोका सोडतात आणि दुसऱ्यावर नेमके येतात.

"हे बरं हाये. कोनाचं गा हे?"

"डायमंड हेड!"

"मेटालिका!"