न सांगता शिकणारा डबा

[दृश्य: रॅकमधला २४ पोर्टांचा स्विच. हिरवे दिवे लुकलुकताहेत.]

हा नेटवर्क स्विच, म्हणजे इमारतीतले कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणारा डबा. पंख्याची घरघर आणि हे दिवे, एवढंच याचं अस्तित्व. ऑफिस असो, कॉलेज असो की हॉस्पिटल, हा डबा चालू असताना कुणाच्या खिजगणतीत नसतो. बंद पडला, की अख्खा मजला उठून येतो.

खोक्यातून काढा, वीज द्या, केबल खोचा. बहुतेक स्विच काहीही सेटिंग न करता चालू लागतात. नव्या वॉचमनला कुणी रहिवाशांची ओळख करून देत नाही. कोण कुठल्या दारातून बाहेर पडतं हे बघून तो लक्षात ठेवतो. स्विचचंही तसंच. पाचव्या पोर्टातून, म्हणजे केबल खोचायच्या पाचव्या खाचेतून, फ्रेम (डेटाचा एक तुकडा) आली, की पाठवणाऱ्या यंत्राचा ओळखपत्ता, म्हणजे ४८ बिटांचा मॅक अ‍ॅड्रेस तक्त्यात पाचपुढे नोंदला जातो. पुढे त्या पत्त्यासाठी काही आलं, तर ते फक्त पाचकडे. पत्ता माहीतच नसेल तर? फ्रेम जिथून आली तो पोर्ट सोडून बाकी सगळीकडे. साधारण ३०० सेकंद गप्प बसलेला पत्ता तक्त्यातून पुसला जातो.

स्विचच्या आधी हेच काम करणाऱ्या हब नावाच्या डब्याला एवढीही अक्कल नव्हती, तो सगळ्यांचं सगळ्यांना ऐकवायचा. १९९०च्या सुमारास सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीने इथरनेटसाठी (केबलवरच्या नेटवर्कची ही नेहमीची पद्धत) सात पोर्टांचा स्विच बाजारात आणला. कंपनीचं नाव ‘कल्पना’, संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज. १९९४ मध्ये नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने ती विकत घेतली.

[दृश्य: एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये.]

आता हे बघा. टेबलाखाली केबलचं टोक लोंबकळत होतं, कुणीतरी भल्या मनाने ते रिकाम्या पोर्टात खोचलं. झाला लूप. सगळ्यांसाठी असलेली एक ब्रॉडकास्ट फ्रेम एका टोकाने बाहेर पडते, दुसऱ्याने आत येते, पुन्हा सगळीकडे जाते. आयपी पॅकेटला, म्हणजे इंटरनेटवरच्या डेटाच्या पाकिटाला, निदान फेऱ्यांची मर्यादा असते. इथरनेटच्या फ्रेमला तीही नाही. ती मरतच नाही. काही क्षणांत सगळे दिवे एकदम फडफडायला लागतात आणि नेटवर्क झोपतं.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीत असताना शोधला. १९८५ च्या शोधनिबंधात त्यांनी सारांशाच्या जागी चक्क एक कविता दिली होती! उपायाचं नाव स्पॅनिंग ट्री. स्विच आपसात बोलून एक प्रमुख निवडतात, त्याच्याकडे जाणारी एकच वाट उघडी ठेवतात आणि जादा वाटा अडवून ठेवतात. प्रमुख दर दोन सेकंदांनी खुशालीचा निरोप सोडतो, बाकीचे तो पुढे देतात. निरोप थांबला, की अडवलेली वाट उघडायची तयारी सुरू.

गंमत प्रमुखाच्या निवडीत आहे. ज्याचा प्राधान्याचा आकडा सगळ्यात कमी तो प्रमुख, पण हा आकडा सगळ्यांचा मुळात ३२७६८ असतो. बरोबरी झाली, की ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस लहान तो जिंकतो, आणि लहान पत्ता बऱ्याचदा सगळ्यात जुन्या डब्याचा असतो. म्हणजे कुणी हात लावला नाही, तर स्टोअररूममधलं धूड सगळ्या इमारतीचं प्रमुख होऊन बसतं. म्हणून मुख्य स्विचचा आकडा हाताने कमी करणं, हे मला कॉन्फिगरेशनमधलं पहिलं काम वाटतं. पासवर्ड बदलण्याइतकंच.

[दृश्य: कागदी फॉर्मचे गठ्ठे.]

बॉस्टन, नोव्हेंबर २००२. बेथ इस्रायल डीकनेस हॉस्पिटलचं नेटवर्क वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यांनी वाढलेलं. निरोपांच्या मूळच्या ठरलेल्या वेळा न बदलता स्पॅनिंग ट्री सात स्विचच्या अंतरापुरता आखलेला असतो. इथे ती मर्यादा केव्हाच ओलांडली होती. त्यात एका संशोधन प्रणालीतून डेटाचा लोंढा आला, गणित विस्कटलं, लूप सुरू झाले. जवळपास चार दिवस हॉस्पिटल कागदावर चाललं. प्रयोगशाळेचे अहवाल माणसं धावत पोचवत होती. पुढे त्यांनी नेटवर्कच्या गाभ्यात राउटिंग (वेगळ्या तुकड्यांमध्ये पत्त्यानुसार वाट काढणं) आणलं आणि ही एकसंध पसरण तोडली.

तोडण्याचं काम छोट्या जागेत व्हीलॅन करतो, म्हणजे एकाच स्विचमध्ये केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्कं. एकाच डब्यात हिशेब विभागाचे पोर्ट १० नंबरात, कॅमेरे २० मध्ये. एकाची ब्रॉडकास्ट फ्रेम दुसऱ्याला दिसत नाही. दोन स्विचमधल्या, अनेक व्हीलॅनचा डेटा नेणाऱ्या ट्रंक केबलवर फ्रेमला चार बाइटांची चिठ्ठी चिकटते, त्यात व्हीलॅनचा नंबर. दोन्ही टोकांना व्हीलॅनची यादी जुळली नाही, तर हिशेबाचं चालतं, कॅमेरे गायब. तासन्‌तास केबल तपासत बसलेले लोक इथेच सापडतात.

[दृश्य: कन्सोल केबल, काळ्या पडद्यावर कमांड.]

टेबलाजवळच्या पोर्टांवर कमांडच्या दोन ओळी हव्याच. पोर्टफास्ट, म्हणजे लॅपटॉप जोडल्यावर स्पॅनिंग ट्रीसाठी तीस सेकंद ताटकळायला नको. आणि त्याच्या जोडीला बीपीडीयू गार्ड: त्या पोर्टातून दुसऱ्या स्विचचा स्पॅनिंग ट्रीचा निरोप (बीपीडीयू) आला, की पोर्ट तिथल्या तिथे बंद. सिस्कोच्या स्विचवर तो मुळात आपोआप उघडत नाही. फोन येतो, “आमचं नेट गेलं.” आधी टेबलाखाली वाकून कुणी काय जोडलंय ते काढायचं. मग कन्सोलवर, म्हणजे स्विचला कमांड द्यायच्या पडद्यावर, ‘शटडाउन’, आणि लगेच ‘नो शटडाउन’: पोर्ट बंद करून पुन्हा चालू.